लाइन गेली, आली, पण डेटा आला नाही: जिनिंगमधला गेटवे कसा तपासायचा

हिंगणघाट, देवळी, राळेगाव, पांढरकवडा या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्यांत, मी यंत्रांचा डेटा गोळा करणारे गेटवे बसवतो आणि सांभाळतो. मांडणी सगळीकडे साधारण सारखीच असते. रेच्यांच्या (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या) फीडरवर आणि प्रेसवर वीजमीटर, गठाणी मोजणारा प्रेसचा पीएलसी (प्रेस चालवणारा छोटा संगणक) आणि या सगळ्यांना जोडणारी दोन तारांची आरएस-४८५ लाइन. ती लाइन ऑफिसच्या भिंतीवरच्या डब्यात येते. डबा म्हणजे आमचा गेटवे. तो मॉडबस या यंत्रांच्या भाषेत मीटर वाचतो, वाचलेलं स्वतःकडे साठवतो आणि सिमकार्डाच्या नेटवरून एमक्यूटीटी या संदेश पाठवायच्या पद्धतीने प्लॅटफॉर्मकडे, म्हणजे डेटा साठवून डॅशबोर्डवर दाखवणाऱ्या सर्व्हरकडे, पाठवतो.

दसरा-दिवाळीला कापूस यायला लागला की सकाळी सातच्या सुमारास फोन येतात. "भाऊ, रातच्याले लाइन गेल्ती, मंग आली. पण तुमचा डबा काही पाठवत नाही, मालक सकाळपासून विचारून राह्यले." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काय काय तपासायचं त्याचा एक क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे लिहितो.

प्लॅटफॉर्मच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनमधलं पहिलं चित्र आठवा. डावीकडे 'सोर्स' असं लिहिलेला एक चौकोन असतो आणि त्यातून बाण निघतो. पुढची शंभर पानं त्या बाणाबद्दल असतात: टाइम सीरीज (वेळेनुसार लागलेल्या नोंदींची मालिका) कशी तयार करायची, टोकन (प्रवेशाची मुदतीची परवानगी) कसं घ्यायचं, एका वेळी किती नोंदी पाठवायच्या. ती पानं मी मनापासून वाचतो आणि तुम्हीही वाचा. पण आमच्याकडचे बहुतेक बिघाड त्या डावीकडच्या चौकोनाच्या आत होतात आणि त्या पानांत तिथवर कोणी पोचत नाही. नागपूर-पुण्यात बसून कनेक्टर, म्हणजे डब्यातला डेटा वर पाठवणारा प्रोग्राम, लिहिणारे आणि इथे स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे राहणारे, दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

"डेटा येत नाही" या एका वाक्यात पाच वेगळे बिघाड दडलेले असतात. फोनवरच विचारून घ्या.

सगळंच एका ठरावीक मिनिटाला थांबलं, म्हणजे डॅशबोर्डवरच्या सगळ्या रेषा एकाच जागी तुटल्या, तर वीज, नेट, घड्याळ किंवा टोकन.

एकाच मीटरची रेष तुटली, किंवा एक तुटली आणि बाकीच्या विरळ झाल्या, तर दोन तारांची लाइन किंवा ते मीटर.

डेटा येतो, पण वेळ चुकीची. सकाळी दहाला बांधलेली गठाण दुपारी साडेतीनला दिसते, किंवा नोंदी थेट १९७० सालात जाऊन पडतात. हे घड्याळाचं किंवा वेळेच्या एककाचं काम.

येतो, तुटतो, येतो, तुटतो, दर काही सेकंदांनी. हा बहुधा एकाच ओळखीच्या दोन डब्यांचा झगडा असतो.

वेळ बरोबर, रेष अखंड, पण आकडा अशक्य. व्होल्टेज शून्य आणि करंट मात्र नीट, असं काही. हे रजिस्टर, म्हणजे मीटरमधला आकड्याचा कप्पा, वाचण्यातलं.

फोनवर आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारतो: काल कोणी काय बदललं? मीटर बदललं, केबल सरकवली, रंगकाम केलं, राउटर दुसऱ्या टेबलावर ठेवला? लोक आधी "काहीच नाही" म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. मीटर बदलण्याचा आणि डेटाचा संबंध त्यांना कोणी सांगितलेला नसतो, एवढंच. म्हणून एकेका गोष्टीचं नाव घेऊन विचारा.

कशालाही हात लावण्याआधी साठा वाचवा

नेट नसताना डबा वाचलेला डेटा स्वतःकडे साठवतो आणि नेट आल्यावर मागचा सगळा पाठवतो. म्हणजे डॅशबोर्ड रिकामा दिसला तरी रात्रीचा डेटा बहुतेक वेळा डब्यात शाबूत असतो. तो घालवणारी मुख्य कामं दोन आहेत आणि दोन्ही माणसंच करतात: 'फॅक्टरी रीसेट' आणि मेमरी कार्ड फॉर्मॅट.

राळेगावकडच्या एका जिनमध्ये मी पोचायच्या आत दुसऱ्या एका तंत्रज्ञाने नवीन कार्ड टाकून डबा सुरू करून दिला होता आणि जुनं कार्ड पुसून खिशात ठेवलं होतं. डबा छान चालत होता. तीन रात्रींचा डेटा मात्र गेला तो गेलाच. त्याच तीन रात्री प्रेसच्या मोटरने जास्त वीज का खाल्ली, हे मालकांना बघायचं होतं. त्या दिवसापासून माझा नियम आहे: आधी साठ्याच्या फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर, मग बाकी सगळं. पाच मिनिटं लागतात.

डब्याची वीज खसकन काढून पुन्हा लावणं हेही टाळा. मेमरी कार्डवर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टीम बिघडते. काही डबे मग ती फक्त वाचण्यापुरती उघडतात, त्यामुळे दिवे नीट लागतात पण नवीन काही साठत नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सिमचा रिचार्ज. हसू नका, माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा हेच कारण लिहिलेलं आहे. प्रीपेड पॅकची मुदत बहुधा अठ्ठावीस दिवसांची असते, महिन्याची नसते, त्यामुळे संपायची तारीख दर वेळी मागे सरकत जाते. डब्यातल्या सिमचा नंबर कोणाला पाठ नसतो आणि आठवणीचा मेसेज डब्यातच येऊन पडतो. नंबर आणि संपायची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवून ठेवा.

मग सिग्नल. फोरजी मोडेम आपल्या पानावर सिग्नलची ताकद उणे आकड्यात दाखवतो. उणे ११० च्या खाली गेला की जोडणी लागते पण टिकत नाही. हंगामात ऑफिसशेजारी सरकीची पोती किंवा गठाणींची थप्पी लागली आणि अँटेना तिच्या मागे गेला, असंही मी पाहिलंय. अँटेना दोन हात वर घेतला की काम झालं.

मग डिस्क. लॉगच्या, म्हणजे डब्याने स्वतःच्या कामाच्या लिहिलेल्या नोंदींच्या, फाइली वाढत वाढत जागा भरतात. जागा संपली की डबा चालतो, वाचतो, पण लिहू शकत नाही. जुने लॉग आपोआप काढून टाकायची सोय पहिल्याच दिवशी लावून ठेवा.

घड्याळ

इथे थोडं थांबतो, कारण वीज जाण्या-येण्याशी ज्याचा थेट संबंध आहे आणि जे सहसा कोणी बघत नाही ते हेच.

डब्याच्या बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, बहुधा सीआर२०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही स्वस्त बोर्डांवर तो नसतोच. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत, बाहेर ४५-४६ अंश असताना, असा सेल लवकर म्हातारा होतो. हंगाम सुरू होतो ऑक्टोबरात, पहिल्यांदा लाइन जाते आणि डबा उठतो तो भलत्याच तारखेला.

पुढची साखळी बघा. लाइन आली की डबा अर्ध्या-एक मिनिटात उठतो, पण राउटरला नेट पकडायला त्याहून जास्त वेळ लागतो. नेट नाही म्हणून डब्याला नेटवरून खरी वेळ मिळत नाही. तारीख चुकीची असल्यामुळे प्लॅटफॉर्मचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला "अजून लागूच झालेलं नाही" असं वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. काही कनेक्टर चार-पाच वेळा प्रयत्न करून गप्प बसतात. पुढे नेट येतं, घड्याळही सुधारतं, पण गप्प बसलेला कनेक्टर उठत नाही. सकाळी येऊन बघणाऱ्याला सगळे दिवे हिरवे दिसतात, तारीख बरोबर दिसते आणि डेटा नसतो. "सगळं तर बरोबर आहे" असं वाटायला लावणारा बिघाड हाच.

इलाज दोन. सेल बदला, काही रुपयांचं काम आहे. आणि कनेक्टरच्या सेवेला सांगा की घड्याळ नेटशी जुळल्याशिवाय सुरू व्हायचं नाही आणि हरल्यावर थांबायचं नाही, थोडा थोडा वेळ वाढवत पुन्हा प्रयत्न करत राहायचं. कनेक्टर लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: 'पाच प्रयत्नांनंतर बंद' ही मूळ सेटिंग ठेवू नका. तुमच्या ऑफिसात नेट पाच मिनिटांसाठी जातं, आमच्याकडे पाच तासांसाठी.

वेळ चुकलेली असेल तर ती नेमकी किती चुकली यावरून कारण कळतं. तीन खुणा लक्षात ठेवा.

नोंद १ जानेवारी १९७० ला पहाटे साडेपाचच्या आसपास दिसली, तर घड्याळ शून्यापासून सुरू झालं. संगणकाची वेळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजतात, पण जागतिक वेळेने. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. काही घड्याळं १ जानेवारी २००० ला जाऊन बसतात. अर्थ तोच, सेल गेला.

नोंद १९७० च्याच जानेवारीत, पण २०-२१ तारखेच्या आसपास दिसली, तर घड्याळ अगदी ठीक आहे, एकक चुकलं. डब्याने वेळ सेकंदांत पाठवली आणि प्लॅटफॉर्मने ती मिलिसेकंद समजून घेतली. आजची वेळ सेकंदांत लिहिली तर आकडा दहा अंकी असतो, मिलिसेकंदांत तेरा अंकी. पाठवलेल्या संदेशातले अंक मोजा, संगणक उघडायचीही गरज नाही. अशा वेळी सेल बदलून काही होणार नाही.

नोंद बरोबर साडेपाच तास पुढे असेल, तर डबा भारतीय वेळ लिहितो आणि तिच्यावर जागतिक वेळेचा शिक्का मारतो. हे निरुपद्रवी वाटतं, पण तसं नाही. उद्योगांच्या वीजबिलात दिवसाच्या वेगवेगळ्या वेळेचे दर वेगळे असतात. साडेपाच तासांनी सरकलेला डेटा घेऊन कोणी "संध्याकाळचा भार कमी करा" असा सल्ला दिला तर तो दुपारच्या भारावर दिलेला सल्ला असतो. डब्यात सगळीकडे जागतिक वेळ ठेवा आणि भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवताना करा.

लॉगमधला आकडा वाचा

वर पाठवणं एचटीटीपीने होत असेल तर नाकारण्याचं कारण आकड्यात येतं. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही: टोकन किंवा गुप्त किल्लीची मुदत संपली, किंवा घड्याळ चुकलंय. म्हणून घड्याळ आधी बघायचं. ४०३ म्हणजे ओळख पटली पण त्या जागी लिहायची परवानगी नाही, आणि ती देणारा माणूस प्लॅटफॉर्मच्या बाजूला असतो. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेगाने पाठवताय. रात्रभराचा साठा एकदम लोटला की हे येतं. तिथे घाबरून डबा बंद करू नका, वेग कमी करा, साठा हळूहळू रिकामा होऊ द्या. ५०० आणि त्यापुढचे आकडे पलीकडचा बिघाड दाखवतात, तिथे फक्त थांबायचं.

गुप्त किल्लीची मुदत संपायची तारीखही सिमच्या तारखेशेजारीच, झाकणाच्या आत चिकटवा.

एकाच नावाचे दोन डबे

दर काही सेकंदांनी जोडणी लागते आणि तुटते असं दिसलं, की एक प्रश्न विचारा: हे कार्ड दुसऱ्या जिनच्या कार्डावरून कॉपी केलंय का?

एमक्यूटीटीमध्ये प्रत्येक डब्याचं एक क्लायंट आयडी असतं. त्याच आयडीने दुसरा कोणी जोडला गेला की ब्रोकर (संदेश घेणारा पलीकडचा सर्व्हर) आधीच्याला काढून टाकतो. काढलेला पुन्हा जोडतो, मग दुसरा निघतो. देवळीतला डबा आणि पुलगावातला डबा दिवसभर एकमेकांना असे ढकलत बसतात आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या नेटला दोष देतात. नेटवर्कवाल्याला बोलावून उपयोग नाही, तो वेग मोजून "ठीक आहे" म्हणेल, आणि ते खरंच असेल. आयडी बदला, मिनिटभरात शांत. नव्या डब्याचं आयडी त्याच्या अनुक्रमांकावरून आपोआप तयार व्हावं अशी व्यवस्था केली की हा बिघाड पुन्हा उगवत नाही.

तुटण्यात दहा-पंधरा मिनिटांचं अंतर असेल तर कारण वेगळं. मोबाइल नेटवर काही वेळ शांत राहिलेली जोडणी मधल्या मध्ये कापली जाते आणि डब्याला ते कळत नाही. 'कीप अलाइव्ह', म्हणजे 'मी आहे' असं कळवायचं अंतर, साठ सेकंदांवर ठेवा. त्याच्या दीडपट वेळात डब्याकडून काहीच आलं नाही, तर ब्रोकर जोडणी तुटली असं धरतो.

सगळं हिरवं, तरी पाठवण्यासारखं काही नाही

ही तपासणी अवघड आहे, कारण लॉगमध्ये चूक दिसतच नाही. कनेक्टर 'इथपर्यंत पाठवलं' अशी एक खूण जपून ठेवतो. लाइन गेली-आली की त्या खुणेपुढचंच पाठवायचं, म्हणजे तेच तेच पुन्हा जात नाही. सोय चांगली आहे, पण खुणेचा भरवसा घड्याळावर आहे.

एका जिनमध्ये ४ जानेवारीला कोणीतरी डब्याचं घड्याळ हाताने लावलं. त्याने दिवस आधी लिहिला, डबा महिना आधी वाचत होता. डबा १ एप्रिलला जाऊन बसला. वीस मिनिटांनी नेटवरून घड्याळ सुधारलं, पण त्या वीस मिनिटांत गेलेल्या नोंदींमुळे खूण १ एप्रिलची होऊन बसली. त्यानंतरचा प्रत्येक खरा आकडा खुणेच्या आधीचा, म्हणजे कनेक्टरच्या मते पाठवून झालेला. लॉग सांगत होता की पाठवण्यासारखं काही नाही. डबा वाचत होता, साठवत होता आणि पुढे काही जात नव्हतं. मला हे शोधायला दीड दिवस लागला. आता मी डब्यापाशी बसल्यावर दुसऱ्याच मिनिटाला ती खूण वाचतो. ती आजच्या पुढची असेल तर शोध संपला.

दुरुस्ती करताना कनेक्टर थांबवा, खुणेच्या फाइलची प्रत ठेवा, खूण शेवटच्या खऱ्या नोंदीवर आणा आणि मग सुरू करा. थोडं मागे आणलं तर नोंदी दोनदा जातील अशी भीती वाटते. बहुतेक टाइम सीरीज साठवणुकीत त्याच सीरीजला त्याच वेळेची नोंद पुन्हा आली तर ती जुनीच्या जागी बसते, त्यामुळे आकडे दुप्पट होत नाहीत. पण गठाण बांधल्याची एकेक घटना पाठवत असाल तर तसं नाही. तिथे प्रत्येक गठाणीला स्वतःचा ठरलेला ओळख क्रमांक नसेल तर एका गठाणीच्या दोन होतील. तुमच्या प्लॅटफॉर्मच्या कागदपत्रांत हे आधी वाचा, मगच खूण मागे आणा. भविष्यातल्या तारखेला पडलेल्या त्या वीस मिनिटांच्या नोंदीही शोधून काढा. त्या राहिल्या तर एप्रिल उजाडल्यावर खऱ्या डेटात मिसळतील.

दोन तारा

एकाच मीटरची तक्रार असेल तर इथे या. यासाठी एक साधा मल्टीमीटर लागतो, दोन-तीनशे रुपयांचाही चालतो.

केबलला हात लावण्याआधी डब्याचा मॉडबस लॉग बघा आणि चूक तीनपैकी कोणती ते ठरवा. अर्धं काम तिथेच होतं.

वेळ संपली, कोणी बोललंच नाही: मीटरला वीज नाही, पत्ता चुकलाय, बॉड रेट (लाइनीवर बोलण्याचा वेग) जुळत नाही, किंवा ए आणि बी तारा उलट लागल्या आहेत. कुठली तार ए आणि कुठली बी, यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. त्यामुळे नवीन मीटर बोलत नसेल तर तारांची अदलाबदल करून बघायला काही हरकत नाही, त्याने काही जळत नाही.

उत्तर आलं पण सीआरसी (संदेश शाबूत आला का याची पडताळणी) चुकलं: लाइनीत विजेचा आवाज (नॉइज) आहे, किंवा दोघं एकदम बोलतात.

मीटरने स्वतः 'हा पत्ता माझ्याकडे नाही' असं कळवलं: मग तारा उत्तम आहेत, त्यांना हात लावू नका. रजिस्टरचा आकडा चुकलाय. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाचं असतं, या एका आकड्याच्या फरकावर कितीतरी लोकांची संध्याकाळ गेली आहे.

'दोघं एकदम बोलतात' हे ऐन हंगामात हमखास घडतं. मीटर बिघडतं, इलेक्ट्रिशियन तातडीने नवीन लावतो, काम सुरू होतं. नवीन मीटरचा पत्ता कारखान्यातून बहुधा १ असा येतो आणि लाइनीवर १ नंबरचं मीटर आधीच बसलेलं असतं. डब्याने १ ला हाक मारली की दोघं ओ देतात. अशा वेळी बदललेलं मीटर आणि जुनं १ नंबरचं, दोन्ही एकदम गायब होतात. कोणत्याही मीटरसाठी १ हा पत्ता वापरूच नका, २ पासून सुरू करा. मग नवीन मीटर कोणी विचार न करता लावलं तरी भांडण होत नाही. मॉडबसमध्ये २४७ पर्यंत पत्ते मिळतात, एक रिकामा सोडायला काही लागत नाही.

एक मेलेलं मीटर बाकीच्यांना कसं हळू करतं तेही समजून घ्या. लाइन एकच, डबा एकेकाला विचारत जातो. उत्तराची वाट एक सेकंद, प्रयत्न तीन आणि त्या मीटरच्या रजिस्टरांचे पाच गट वाचायचे असतील, तर प्रत्येक फेरीत पंधरा सेकंद त्या मेलेल्या मीटरपाशी जातात. म्हणून बाकीच्या रेषा विरळ दिसतात. लोक विरळ झालेली मीटरं तपासत बसतात, दोष पूर्ण बंद पडलेल्यात असतो. ते मीटर यादीतून तात्पुरतं काढा, बाकीची लगेच ताळ्यावर येतात.

सीआरसीच्या चुका अधूनमधून आणि मोटर सुरू होतानाच येत असतील तर केबल बघा. लाइनीवरच्या सगळ्या उपकरणांची वीज बंद करून ए आणि बी मधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतील तर सुमारे ६० यायला हवा. १२० आला तर एका टोकाचा नाही. ४० आला तर कोणीतरी तिसरा लावलाय. केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी ओळीने गेली पाहिजे. मधून फांद्या काढलेल्या असतील, तर कमी अंतरात चालतं आणि लांबीत दगा देतं. मोटरच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून आलेली डेटा केबल वेगळी काढा. आवरणाची जाळी एकाच टोकाला अर्थिंगला जोडा.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा सुरू होणाऱ्या जिनमध्ये आणखी एक शक्यता धरून चला. जून ते सप्टेंबर आमच्याकडे विजा पडतात. ऑफिस आणि जिन हॉल वेगळ्या इमारतीत आणि मध्ये शंभर-दीडशे मीटरची उघडी केबल, असं असेल तर डब्याचा आरएस-४८५ पोर्ट जळलेला असू शकतो, भले बाकी डबा जिवंत असेल. ओळखायचं असं: एक चांगलं मीटर हातभर तारेने थेट डब्याला जोडा. तरीही बोललं नाही तर पोर्ट गेला. बदलताना आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) कन्व्हर्टरच घ्या आणि दोन्ही इमारतींकडे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) लावा.

आकडा येतो, पण अशक्य येतो

थोडक्यात सांगतो. दशांश आकडा दोन रजिस्टरांत विभागून येतो आणि कुठला अर्धा आधी हे कंपनीगणिक बदलतं. उलटं वाचलं तर नेमक्या २३० व्होल्टच्या जागी जवळजवळ शून्य दिसतं आणि दुसऱ्या क्षणी भलताच आकडा. शब्दांचा क्रम बदलून बघा. युनिटचा आकडा ६५५३५ ला पोचून शून्यावर येत असेल तर तुम्ही दोनपैकी एकच रजिस्टर वाचताय.

डॅशबोर्ड करणाऱ्यांसाठी एक सूचना. क्षणाक्षणाच्या किलोवॅटबरोबर मीटरचा एकूण युनिटचा आकडाही नेहमी घ्या. किलोवॅटच्या रेषेत चार तासांचं भोक पडलं तर ते भरून येत नाही. एकूण युनिट मात्र मीटरच्या पोटात वाढतच असतात. भोकाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा वजा केला की त्या चार तासांत किती वीज गेली ते मिळतं. प्रति गठाण किती युनिट लागले हा हिशोब त्यावरच टिकतो.

इथे थांबा

पॅनेल ४१५ व्होल्टचं आहे. डेटाची तार मीटरला लावण्यासाठी पॅनेल उघडायचं असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन समोर हवा आणि फीडर बंद हवा. करंट ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे सीटीच्या, मीटरकडे येणाऱ्या तारा चालू भारावर कधीही सोडू नका. उघड्या पडलेल्या सीटीवर जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. मीटर बदलायचं तर सीटी आधी शॉर्ट करावा लागतो आणि ते काम त्याच माणसाचं. डेटाची घाई कितीही असली तरी हे तुम्ही करायचं नाही.

जिन हॉलमध्ये सोल्डरिंग, ग्राइंडिंग काहीही नको. हवेत रुईचे तंतू असतात, खाली ढीग असतो. डबा बाहेर आणा, ऑफिसात दुरुस्त करा.

वजनकाट्याच्या इंडिकेटरवर वैधमापनाचं सील असतं. बाहेरच्या पोर्टवरून वजन वाचता येतं, पण सील तोडून आत बघायचं नाही. पोर्ट बंद पडला असेल तर काट्याच्या अधिकृत दुरुस्तीवाल्याला बोलवा. शेतकऱ्याचं माप त्याच काट्यावर होतं.

पीएलसीतली गठाणींची मोजणी चुकत असेल तर प्रेस बनवणाऱ्याला फोन करा. प्रोग्राम उघडून एक ओळ बदलण्याचा मोह मलाही होतो, पण त्याच प्रोग्रामवर प्रेसचे सुरक्षा इंटरलॉक (धोका असताना प्रेस चालू न देणारे अडसर) चालतात आणि त्या प्रेसपाशी माणसं उभी असतात.

डब्याचा लॉग सांगतो की नोंदी स्वीकारल्या गेल्या, तरी डॅशबोर्डवर त्या नाहीत, अशा वेळी तुमचं काम संपलं. प्लॅटफॉर्मच्या सपोर्टला लिहा. "डेटा येत नाही" एवढंच लिहिलं तर ते तुम्हाला पुन्हा सिमपासून विचारायला लागतील आणि त्यात दोन दिवस जातील. शेवटची दिसलेली नोंद कुठल्या वेळेची, पहिली न दिसलेली कुठल्या वेळेची, दोन्ही जागतिक वेळेत, सीरीजचं ओळखनाम आणि पाठवलेल्या एका नोंदीची हुबेहूब प्रत, एवढं द्या.

निघण्याआधी

सगळं सुरू झालं म्हणून गाडीला किक मारू नका. जेवायच्या सुट्टीत, फिटरकाकांना सांगून, डबा रीतसर बंद करा आणि मग डबा व राउटर दोघांचीही वीज दहा मिनिटं काढून ठेवा. पुन्हा लावा आणि हात न लावता बघत राहा: घड्याळ जुळलं, जोडणी लागली, साठा उतरायला लागला, हे तिन्ही आपोआप झालं पाहिजे. रात्री तिथे कोणी नसणार आहे. मग दिवाणजींकडून काल रात्रपाळीत बांधलेल्या गठाणींचा वहीतला आकडा घ्या आणि प्लॅटफॉर्मवर त्याच तासांत उतरलेल्या नोंदी मोजा. आकडे जुळले नाहीत तर डब्याचं झाकण पुन्हा उघडा.